अनेक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कॉकपिटमध्ये: परतू पाहणाऱ्या वैमानिकांसाठी मार्गदर्शन

किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण केले, त्यानंतर वर्षभरातच कोरोनाने साऱ्या जगाची हवाई वाहतूक गोठवली आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्टही बंद पडली. यातल्या प्रत्येक वेळी काही वैमानिक दुसऱ्या कंपनीत सामावले गेले, काही परदेशी गेले, आणि काही जण घरचा व्यवसाय, नोकरी, शेती किंवा आईवडिलांची शुश्रूषा यांत गुंतून उड्डाणापासून दूर राहिले. बाळंतपण आणि मुलांचे संगोपन यांसाठी थांबलेल्या महिला वैमानिकांची संख्याही लहान नाही. आता चित्र बदलले आहे. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षीच्या जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि येणाऱ्या प्रत्येक विमानासाठी कित्येक वैमानिक लागतात. त्यामुळे पूर्वी एअरलाइनमध्ये उड्डाण केलेल्या, पण तीन, पाच किंवा दहा वर्षे कॉकपिटबाहेर असलेल्या व्यक्तीने परत येण्याचा विचार करणे मुळीच अवास्तव नाही.

हा लेख भारतात, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजेच डीजीसीएच्या नियमांखाली परतू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. त्यातला मुख्य मुद्दा क्रमाचा आहे. आधी शरीर, मग कागदपत्रे, मग अभ्यास, त्यानंतर नोकरीचे अर्ज आणि सर्वांत शेवटी सिम्युलेटर, या क्रमाने गेल्यास वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. उत्साहाच्या भरात पहिल्याच महिन्यात दहा लाखांहून अधिक रुपये टाइप रेटिंगसाठी (म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेसाठी) भरायचे आणि सहा महिन्यांनी मेडिकलमध्ये अडकायचे, हा सर्वांत महागात पडणारा आणि सहज टाळता येणारा प्रकार आहे.

पहिली पायरी: क्लास वन मेडिकल

परवाना कितीही चांगल्या स्थितीत असला तरी क्लास वन वैद्यकीय प्रमाणपत्राशिवाय त्याचा काही उपयोग नाही. एअरलाइनच्या दोन वैमानिकांच्या कॉकपिटसाठी हे प्रमाणपत्र साठ वर्षांपर्यंत वर्षभर आणि साठीनंतर सहा महिने चालते. पासष्टीनंतर व्यावसायिक हवाई वाहतुकीत उड्डाण करता येत नाही. तुमचे प्रमाणपत्र संपून किती काळ लोटला आहे, यावर पुढची तपासणी कोठे करायची हे ठरते. थोड्या खंडानंतरची नूतनीकरणाची तपासणी डीजीसीएच्या नामिकेवरील डॉक्टरांकडे होऊ शकते; मोठा खंड असेल, किंवा मधल्या काळात शस्त्रक्रिया अथवा गंभीर आजार झाला असेल, तर बेंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिन किंवा दिल्लीचे हवाई दलाचे वैद्यकीय केंद्र अशा ठिकाणी जावे लागू शकते. तारीख घेण्यापूर्वी डीजीसीएच्या संकेतस्थळावरचे चालू परिपत्रक वाचून आपण कोणत्या गटात बसतो ते नक्की करावे.

अधिकृत तपासणीला जाण्याआधी किमान तीन महिने स्वतःच्या खर्चाने सर्व चाचण्या करून घ्याव्यात, असा माझा आग्रह आहे. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, लिपिड प्रोफाइल, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, ईसीजी, चाळिशी उलटली असल्यास ट्रेडमिल चाचणी, डोळे आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) या सगळ्यांतून कुठे काम करावे लागेल ते कळते. दृष्टीबाबत चष्म्यासह प्रत्येक डोळ्याची दूरची नजर किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ असावी लागते. ऐकण्याच्या चाचणीत ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त घट चालत नाही. जमिनीवरच्या बैठ्या नोकरीत वाढलेले वजन, चढता रक्तदाब आणि सीमारेषेवरची साखर या तीन गोष्टी परतणाऱ्यांना सर्वाधिक सतावतात, आणि तीन महिन्यांच्या शिस्तीत बऱ्याच जणांना त्या आटोक्यात आणता येतात. ऑडिओमेट्रीच्या आदल्या दिवशी लग्नाच्या बँडसमोर किंवा गणपतीच्या मिरवणुकीत डीजेजवळ उभे राहू नये. अशा आवाजाने आलेली तात्पुरती बधिरता चाचणीत घट म्हणून नोंदली जाते.

मधल्या काळात घेतलेली औषधे, रुग्णालयात दाखल झाल्याचे प्रसंग, नैराश्यासाठी घेतलेले उपचार यांतले काहीही लपवू नये. त्यांची कागदपत्रे तारखेनुसार लावून सोबत न्यावीत. योग्य उपचारांनी स्थिर झालेला आजार अनेकदा अडचण ठरत नाही, मात्र खोटे निवेदन उघडकीस आले तर परवान्यावरच गदा येते. तात्पुरते अपात्र ठरवले गेल्यास खचण्याचे कारण नाही, कारण त्यात सुधारणा करून पुन्हा तपासणीची सोय असते. कायमचे अपात्र ठरवले गेल्यासही फेरविचारासाठी दाद मागता येते.

दुसरी पायरी: परवाना, रेटिंग आणि लॉगबुक

तुम्ही उड्डाण सोडले तेव्हा परवान्याचे काम कागदी फाइलवर चालत असेल, तर आता ते जवळजवळ सर्व डीजीसीएच्या ई-जीसीए या ऑनलाइन पोर्टलवर होते. तिथे खाते उघडणे आणि जुना संगणक क्रमांक, परवाना क्रमांक व वैद्यकीय नोंदी खात्याशी बरोबर जुळतात का ते पाहणे, हे सुरुवातीचे काम. नावाच्या स्पेलिंगमध्ये दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि परवाना यांत तफावत असेल, किंवा लग्नानंतर नाव बदलले असेल, तर ते आताच दुरुस्त करून घ्यावे. एका अक्षराच्या फरकापायी अर्ज परत येतो आणि त्यात आठवडे जातात. फेब्रुवारी २०२५ पासून वैमानिकांना इलेक्ट्रॉनिक परवाना दिला जाऊ लागला आहे, त्यामुळे जुने कार्ड जपून ठेवावे, पण नव्या स्वरूपासाठीची प्रक्रियाही पूर्ण करावी.

ऑक्टोबर २०२३ च्या सुधारणेने व्यावसायिक परवाना आणि एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवाना या दोहोंची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली. तथापि परवाना चालू असणे आणि त्यावर उड्डाण करण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परतणाऱ्यांच्या मनात सर्वांत जास्त गोंधळ इथेच असतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता, एका वर्षासाठी असते. एअरलाइनमध्ये दर सहा महिन्यांनी प्रवीणता चाचणी द्यावी लागते, आणि प्रवासी घेऊन उडायचे तर मागील ९० दिवसांत तीन टेक-ऑफ व तीन लँडिंग झालेले असावे लागतात. टाइप रेटिंग परवान्यावर छापलेले दिसले तरी वर्षानुवर्षे न वापरलेले रेटिंग प्रशिक्षण आणि चाचणीशिवाय चालू होत नाही. खंड जितका मोठा तितके ग्राउंड क्लास आणि सिम्युलेटरचे तास जास्त, असे साधारण सूत्र आहे. तुमच्या खंडाला नेमके किती प्रशिक्षण लागेल हे संबंधित कंपनीच्या मंजूर प्रशिक्षण पुस्तिकेत असते, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये.

इंग्रजी भाषा प्रावीण्याची पातळी पाहून ठेवावी. चौथी पातळी तीन वर्षे, पाचवी सहा वर्षे टिकते, सहावीला मुदत नाही. रेडिओ टेलिफोनीची परीक्षा पूर्वी दूरसंचार विभाग घेत असे; १ जानेवारी २०२५ रोजी अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते काम डीजीसीएकडे आणले आहे, हे जुन्या मंडळींना ठाऊक नसते.

लॉगबुकाकडे, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीकडे, विशेष लक्ष द्यावे. शेवटच्या कंपनीचा शेवटचा महिना बहुधा सहीशिवाय राहिलेला असतो आणि कंपनीच बंद पडली असेल तर सही कोणाची घ्यायची हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी पगारपत्रके, रोस्टरच्या प्रती, प्रशिक्षण नोंदी आणि चाचण्यांचे अहवाल असे जे जे हाती असेल ते एकत्र करून प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा तपासावी. एकूण तास, पायलट-इन-कमांड (विमानाचा प्रमुख म्हणून उडालेले) तास, बहुइंजिनी तास, रात्रीचे तास आणि इन्स्ट्रुमेंट तास यांचा एक स्वच्छ तक्ता करून ठेवावा. १,५०० तास ओलांडलेले असूनही एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवाना काढायचा राहिला असेल, तर घरी असलेला हा काळ त्याच्या लेखी परीक्षांसाठी उत्तम आहे.

तिसरी पायरी: अभ्यास, आणि तो नेमका कशाचा

बहुतेकांना भीती वाटते ती हात विसरल्याची. विमान सरळ धरता येईल का, लँडिंग जमेल का, हे प्रश्न रात्री झोपू देत नाहीत. नासाचे संशोधक स्टीफन कॅस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत फार मोलाचा आहे. त्यांनी १६ एअरलाइन वैमानिकांना बोईंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवून स्वयंचलित यंत्रणा टप्प्याटप्प्याने काढून घेतल्या. उपकरणांवर नजर फिरवणे आणि हाताने विमान उडवणे ही कौशल्ये बऱ्यापैकी शाबूत आढळली. ढासळलेले दिसले ते विचारांचे काम, म्हणजे नकाशा समोर नसताना आपण कुठे आहोत याचे भान ठेवणे, पुढची पायरी आधीच ठरवणे आणि बिघडलेले उपकरण ओळखणे. ते वैमानिक तर नियमित उडणारे होते. वर्षानुवर्षे दूर राहिलेल्या माणसाने आपल्या अभ्यासाचा मोठा भाग या विचारशक्तीसाठी ठेवावा, असे मला ठामपणे वाटते, आणि त्यासाठी सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही.

आपल्या विमानाच्या कॉकपिटचे पूर्ण आकाराचे चित्र छापून भिंतीवर लावा, समोर खुर्ची ठेवा, आणि दररोज एक संपूर्ण फेरी मनातल्या मनात नव्हे तर मोठ्याने बोलत करा. समजा तुम्ही ३५,००० फुटांवर आहात आणि ३,००० फुटांपर्यंत उतरायचे आहे. हजारांतला फरक ३२, त्याला तिनाने गुणले की ९६ सागरी मैल, वेग कमी करण्यासाठी आणखी दहा. म्हणजे सुमारे १०६ मैलांवर उतरायला सुरुवात हवी, आणि पाठीमागून वारा असेल तर त्याहून आधी. आता स्वतःला विचारा की ६० मैलांवर किती उंची असायला हवी. साठातून दहा वजा, उरलेल्या पन्नासाला तिनाने भागले की सुमारे १६,७०० फूट, त्यात ३,००० मिळवले की १९,७०० च्या आसपास. अंतिम टप्प्यात जमिनीवरचा वेग १४० नॉट असेल तर त्याची पाचपट, म्हणजे मिनिटाला ७०० फूट हा तीन अंशांच्या उताराचा दर. पूर्वी ही गणिते बोलता बोलता होत असत. ती पुन्हा तितक्याच सहजतेने होऊ लागली की निम्मी लढाई जिंकली, कारण सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षक एखादे इंजिन बंद करतो तेव्हा गणितासाठी डोक्यात वेगळी जागा उरत नाही.

दुसरा नियमित सराव गो-अराउंडचा, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याचा. खंड पडलेल्या वैमानिकाची कसोटी इंजिन बंद पडण्यापेक्षाही इथे जास्त लागते, कारण सगळी इंजिने सुरू असतानाचा गो-अराउंड फार वेगाने घडतो. ए३२० वर थ्रस्ट लीव्हर टोगापर्यंत (इंजिनाच्या पूर्ण जोरापर्यंत) पुढे, नाक वर, “गो अराउंड, फ्लॅप्स”, सहकारी फ्लॅप एक पायरी मागे घेतो, त्याचा “पॉझिटिव्ह क्लाइंब” ऐकू आला की “गिअर अप”, आणि दरम्यान स्क्रीनच्या माथ्यावरचे मोड वाचून मोठ्याने सांगायचे. यात चार-पाच सेकंदांची ढिलाई झाली तरी ठरलेली उंची ओलांडली जाते. खुर्चीत बसून हात प्रत्यक्ष हलवत हे रोज करा. ओठ आणि हात एकत्र चालायला लागेपर्यंत करा.

तुम्ही नसताना काय बदलले याचीही यादी करावी लागेल. २००९ मधले अमेरिकेतील कोलगन एअरचा आणि एअर फ्रान्स ४४७ चा हे अपघात स्टॉल (पंखांची उचल नाहीशी होणे) नीट न हाताळल्यामुळे घडले. त्यानंतर विमान अनियंत्रित स्थितीतून सावरण्याचे प्रशिक्षण जगभर अनिवार्य होत गेले आणि ते पूर्वीपेक्षा खूपच खोल आहे. नोव्हेंबर २०२१ पासून ओल्या धावपट्टीची माहिती शून्य ते सहा या संकेतांकांत देण्याची जागतिक पद्धत आली. सहा म्हणजे कोरडी धावपट्टी, आणि पावसाळ्यात मुंबईला किंवा कोकणात उतरणाऱ्याला याचा लँडिंगच्या अंतराशी असलेला संबंध पाठ हवा. बोईंग ७३७ वर असलेल्यांनी मॅक्सचे फरक शिकावेत. महाराष्ट्र आणि गोव्याच्याच नकाशात शिर्डी, सिंधुदुर्ग, मोपा, अमरावती आणि नवी मुंबई असे विमानतळ जोडले गेले आहेत. त्यांचे चार्ट वाचून काढणे हा चांगला स्वाध्याय आहे. मादक पदार्थांच्या चाचण्या २०२२ पासून सुरू आहेत. उड्डाणापूर्वीच्या श्वास चाचणीत तर मद्यार्क असलेले माउथवॉश किंवा खोकल्याचे औषधही अडचणीत आणू शकते.

छोट्या विमानावर काही तास उडावे का, असे अनेक जण विचारतात. धुळे, शिरपूर, बारामती, नागपूर, गोंदिया अशा ठिकाणी प्रशिक्षण संस्था आहेत, त्यामुळे मराठी वैमानिकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. परवाना किंवा इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू करण्यासाठी चाचणी द्यावी लागणार असेल तर हे तास लागतीलच. नसतील लागणार, तरी रेडिओवर बोलण्याची सवय, हवामान पाहून निर्णय घेणे आणि आकाशात पुन्हा बसल्याचा विश्वास एवढ्यासाठी पाच-सात तास सार्थकी लागतात. जेटच्या तयारीचा पर्याय म्हणून मात्र त्यांच्याकडे पाहू नये.

चौथी पायरी: अर्ज आणि मुलाखत

मेडिकल हाती आल्याशिवाय अर्ज करू नये. अर्ज करताना खंड झाकण्याचा प्रयत्न करू नये. लॉगबुकातली शेवटची तारीख सर्व काही सांगत असते. कोणत्या वर्षी का थांबलो, त्या काळात काय केले, आणि परत येण्यासाठी गेल्या सहा महिन्यांत नेमकी कोणती पावले उचलली, हे तीन-चार वाक्यांत शांतपणे सांगता आले पाहिजे. मुलांसाठी थांबलेल्या महिला वैमानिकांनी या कारणाबद्दल संकोच बाळगू नये. देशातल्या वैमानिकांत महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के असल्याचे सरकार अभिमानाने सांगते, आणि हे प्रमाण टिकायचे तर परतीची वाट मोकळी असायलाच हवी.

पूर्वी तुम्ही कॅप्टन असलात तरी फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू होण्याची मानसिक आणि आर्थिक तयारी ठेवा. ज्येष्ठता बहुतेक ठिकाणी रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते, त्यामुळे वयाने दहा वर्षांनी लहान कॅप्टनच्या उजवीकडे बसावे लागेल, आणि त्याला “कॅप्टन” म्हणून मनापासून साथ द्यावी लागेल. हे ज्यांना घरीच पटवून घेता आले ते प्रशिक्षणात लवकर रुळतात. करारावर सही करण्यापूर्वी प्रशिक्षणाचा बाँड किती वर्षांचा, रक्कम किती, टाइप रेटिंगचा खर्च कोणाचा, प्रशिक्षणकाळात वेतन किती आणि तळ कोणता, हे लेखी घ्यावे. डीजीसीएच्या नियमानुसार नोकरी सोडताना कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, हेही ध्यानात असू द्या. नोकरीची हमी नसताना स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करावे काय? तुमचे जुने रेटिंग ज्या विमानावर आहे तेच विमान कंपनी उडवत असेल तर बहुधा त्याची गरजच नसते, आणि नसेल तर कंपनीचे लेखी पत्र आल्यावरच पैसे भरावेत.

पाचवी पायरी: सिम्युलेटर आणि लाइन

निवड चाचणीच्या सिम्युलेटर फेरीत परीक्षक सफाईपेक्षा सुधारणेचा वेग पाहतात. पहिला अप्रोच खडबडीत झाला तर चालते, पण सांगितलेली चूक दुसऱ्या वेळी पुन्हा दिसली तर चालत नाही. म्हणून प्रत्येक फेरीनंतर त्याच संध्याकाळी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून त्याच तीन सुधाराव्यात. ढगांत १,००० फुटांवर आणि दृश्य हवामानात ५०० फुटांवर विमान स्थिर नसेल तर गो-अराउंड, हा निर्णय मुळीच न रेंगाळता घेतला गेला पाहिजे. जुन्या कंपनीच्या कार्यपद्धती सोडून देणे हे परतणाऱ्याचे खरे अवघड काम असते, कारण दडपणाखाली तोंडातून जुनाच कॉल-आउट निघतो. त्यावर उपाय एकच, नवी पुस्तिका शब्दशः पाठ करणे.

सिम्युलेटरनंतर धोकादायक वस्तू, आपत्कालीन प्रक्रिया, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट आणि सुरक्षा यांचे वर्ग, विमानतळ प्रवेशपत्रासाठीची पार्श्वभूमी पडताळणी, आणि मग प्रशिक्षक कॅप्टनसोबत प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणे असा क्रम येतो. पडताळणीसाठी गेल्या काही वर्षांतले सर्व पत्ते आणि नोकऱ्यांचे पुरावे लागतात, ते आधीच गोळा करून ठेवा.

लाइनवर, म्हणजे नियमित प्रवासी उड्डाणांवर, आल्यानंतरचे पहिले सहा महिने झोपेची काळजी सर्वांत जास्त घ्यावी. दिवसाच्या नोकरीची सवय लागलेल्या शरीराला पहाटे तीनचा पिकअप जड जातो. सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली आहे, ती घरकामात आणि प्रवासात संपवू नये. तळ दिल्लीला आणि घर पुण्याला किंवा कोल्हापूरला असेल तर सुरुवातीला तळाजवळच खोली घेणे चांगले. थकवा जाणवला तर तसा अहवाल देणे हा तुमचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पहिला पावसाळा, आणि उत्तर भारतातले १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हे धुक्याचे दिवस यांपूर्वी प्रशिक्षण विभागाशी बोलून कमी दृश्यमानतेची पात्रता, आडव्या वाऱ्यातले लँडिंग आणि ओल्या धावपट्टीचा सराव यांपैकी काय राहिले आहे ते पाहावे, आणि पहिल्या प्रवीणता चाचणीच्या तारखेच्या महिनाभर आधीपासून भिंतीवरचे ते चित्र पुन्हा वापरात आणावे.